काट्यावरच्या कुत्र्याची पावती

परवा कवठे महांकाळच्या बाजूला भावाच्या बेदाण्याच्या शेडवर गेले होते. वहिनीने नवा वजनकाटा आणला होता, बिनतारी, ब्लूटूथवाला. काट्यावरचं वजन टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप यायला हवं होतं आणि ते काही केल्या येत नव्हतं. दुकानदाराच्या माणसाने दोनदा येऊन हात टेकले होते. मी बसून बघितलं. काट्याची आणि कॉम्प्युटरची ओळख झाली होती, पण वजन वाचणाऱ्या प्रोग्रॅमला एक सीरियल पोर्ट लागतो आणि तोच यादीत नव्हता. वायर नाही, खोबण नाही, तरी वायर असल्याचं एक नाव मात्र हवं. मी कमांड देऊन ते नाव बनवलं आणि यादी काढली. ओळीच्या सुरुवातीला सी हे अक्षर आलं. ते अक्षर दिसलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. वहिनी म्हणाली, झालं की सगळं नीट, मग तोंड का असं केलंय?

तोंड असं होण्याचं कारण जुनं आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी पलूस आणि कडेगावच्या दरम्यानच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. माहेर साताऱ्याचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. सांगलीत मावशीकडे राहायचं आणि रोज एसटीने जायचं-यायचं. कारखान्यात हजारभर पुरुष आणि कागदकामाच्या इमारतीत मी एकटी बाई. माझ्यासाठी वेगळा संडास बांधू असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी नोकरी सोडली तेव्हाही त्याचा नुसता पाया झाला होता. हे अशासाठी सांगतेय, की माझा राग काही एका दिवसात तयार झालेला नाही.

आमच्या विभागाचे साहेब म्हणजे मूळचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. पुण्याला तीन दिवसांचं कॉम्प्युटरचं ट्रेनिंग करून आले आणि आल्यावर विभागप्रमुख झाले. माणूस कडक इस्त्रीचा. मशीनला हात लावायच्या आधी बूट बाहेर काढायचा आणि मशीनला काही कळत असलं तर ते आपल्यालाच विचारून चालतं असा त्यांचा समज. त्यांनी आल्या-आल्या एक सुधारणा केली. वजनकाट्याच्या केबिनमध्ये भिंतीवर एक यंत्र होतं, त्यावर लाल आकड्यांत वजन उमटायचं. साहेबांनी त्या यंत्राभोवती प्लायवूडची पेटी ठोकून घेतली आणि तिला कुलूप लावून सील केलं. वजन आता वायरीतून थेट माझ्या मशीनकडे जाणार, तिथून पावती छापून निघणार, मध्ये माणसाचा डोळाही नको. उसाच्या गावात काटा मारल्याची बोंब दरवर्षी उठते. त्यावर साहेबांचा हा उपाय होता, काटा न लपवता आकडाच लपवायचा.

आणि तो आकडा ज्याच्यापासून लपवला तो माणूस म्हणजे आबा.

आबा काट्यावर तीस हंगाम बसलेले. गाव कवठे महांकाळच्या पलीकडचं, कोरडं माळरान. वडील आयुष्यभर मेंढरांमागे हिंडलेले, आबा घरातले पहिले शिकलेले, तेही सातवीपर्यंत. त्यांची एक रीत होती. गाडी काट्यावर चढली, की पावतीच्या आधी ते केबिनमधून बाहेर यायचे, चाकांकडे बघायचे, बैलांच्या मानेकडे बघायचे, आणि कानामागचा खडू काढून गाडीच्या फळीवर एक आकडा लिहायचे. मग आत जाऊन यंत्राचा आकडा बघायचे. दोन्हींत दहा-वीस किलोंपेक्षा जास्त फरक पडला तर गाडी उतरवून पुन्हा चढवायला लावायचे. गाडीवान यंत्राआधी खडूचा आकडा वाचायचे. आबांनी लिहिलं म्हणजे ते वजन, त्यावर कुणी वाद घातलेला मी ऐकला नाही. पेटी ठोकल्यावरही ते खडूने लिहीतच राहिले. फक्त आता ताडून बघायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

तो त्यांचा शेवटचा हंगाम होता. उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. मला एकदा म्हणाले, तीस वर्षांत माझ्यावर काट्याचं बालंट आलं नाही, तेवढं घेऊन घरी गेलो की झालं.

आता मशीनचं सांगते. त्यावर युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिची एक तऱ्हा अशी, की बाहेरून जोडलेली प्रत्येक वस्तू, मग तो प्रिंटर असो, टर्मिनल असो की काट्याची सीरियल वायर असो, तिच्या लेखी एका फोल्डरमधलं एक नाव असते. त्या नावाला नोड म्हणतात. नोडच्या पोटात काहीच नसतं. दोन आकडे असतात, कुठल्या दिशेला वळायचं ते सांगणारे, बाकी शून्य. आपल्याकडे रस्त्याला फाटा असतो ना, तसं. तिथं ना घर ना दुकान, नुसती गावाच्या नावाची पाटी, पण ती वाचूनच एसटी वळते. यादी काढली की खऱ्या नोडच्या ओळीत पहिलं अक्षर सी येतं. साध्या फाइलीच्या ओळीत तिथं नुसती आडवी रेघ असते. एवढाच फरक.

काट्याच्या वायरीचा नोड मीच बनवला होता आणि त्याचे दोन आकडे माझ्या वहीत लिहून ठेवले होते. रोज सकाळी लाइन चालू आहे की नाही हे तपासायला मी एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला होता. तो काट्याच्या यंत्राकडे एक नमुना वजन पाठवायचा. यंत्राने तेच परत पाठवलं, की पडद्यावर 'लाइन चालू' असं यायचं. नमुना वजन मी निवडलं होतं दोन हजार एकशे दहा किलो. जोडणीच्या दिवशी पहिली जी बैलगाडी काट्यावर चढली तिचं वजन तेवढं भरलं होतं, म्हणून. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. दोन टन एकशे दहा, अगदी खऱ्या गाडीसारखा आकडा.

भाद्रपद सरता सरता मी आठ दिवस रजेवर साताऱ्याला गेले. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातलं झाडून सगळं बाहेर, भांडी घासायची, भिंती झाडायच्या, गोधड्या-वाकळा नदीवर नेऊन धुवायच्या. आईच्या गुडघ्यांना आता नदीचा उतार झेपत नव्हता, म्हणून संगम माहुलीला पाण्यात उभं राहून वाकळा मीच आपटत होते. आणि त्याच आठवड्यात इकडे साहेबांनी मशीनचा दसरा काढला.

हे मला नंतर कळलं, तेही त्यांच्याच तोंडून, आणि कौतुक करून घ्यायच्या सुरात. सीलबंद पाकिटातला मुख्य पासवर्ड त्यांनी फोडला. ट्रेनिंगमध्ये शिकलेल्या कमांडने मशीनमधल्या शून्य लांबीच्या सगळ्या फाइलींची यादी छापून घेतली आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. डिस्क, प्रिंटर, टर्मिनल, ही ओळखीची नावं ठेवली. जी नावं कळली नाहीत आणि ज्यांच्या पोटात काही नाही, ती अडगळ. घरात रिकामे डबे आणि फुटके रांजण भरून ठेवले तर लक्ष्मी कुठून येणार, हे त्यांचं शास्त्र. एकेक करून शंभरावर नावं पुसली. चेअरमनना जाऊन सांगितलं, मशीन हलकं केलं. शून्य लांबीच्या फाइली पुसून एक इंचभर जागासुद्धा मोकळी होत नाही, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतर मी सांगितलं तेव्हाही नाही.

आणि मशीन काही बोललं नाही. काट्याचं काम हंगामात. तोवर बिलं छापली जात होती, हजेरी निघत होती. मी परत आले, खुर्चीवर बसले, सगळं जागच्या जागी. कशाला शोधेन मी रिकाम्या जागा?

दिवाळी झाल्यावर मोळीचा दिवस ठरला. ऊस गाळपाला आत सोडायच्या गव्हाणीत पहिली मोळी टाकायची, पूजा, भाषणं, पेढे. सकाळी मी मशीन सुरू केलं, तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आलं, लाइन चालू. मी निश्चिंत. तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, मॅडम, चला, औक्षणाचं ताट तुम्हाला धरायचंय, इथं दुसरी बाई नाही. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, मला मशीनपाशी थांबू दे. ते म्हणाले, मशीनला मी आहे. डिप्लोमा केलेली मुलगी हातात निरांजन घेऊन गव्हाणीपाशी दोन तास उभी राहिली. ज्याला ओ की ठो कळत नाही तो माणूस माझ्या खुर्चीत. ते दोन तास मला आजही कुणी परत द्यावेत असं वाटतं.

पहिली गाडी सजवलेली होती, शिंगांना गोंडे, झूल. आबांनी नारळ फोडला, खडूने फळीवर आकडा लिहिला, आत जाऊन बटण दाबलं. पावती आली दोन हजार एकशे दहा. खडूचा आकडा होता दोन हजार सहाशे चाळीस. आबांना ते खटकलं, पण पुढाऱ्यांचे फोटो चालले होते. दुसरी गाडी चढली. खडू म्हणाला दोन हजार तीनशे. पावती, पुन्हा दोन हजार एकशे दहा. आबांनी इंटरकॉम उचलला आणि साहेबांना सांगितलं, दोन गाड्यांचं वजन एकच येतंय, काटा थांबवतो. साहेब म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही, चेअरमन इथं आहेत, गाड्या थांबवून तमाशा करायचा नाही, चालू ठेवा. आबांनी तिसऱ्या गाडीनंतर पुन्हा फोन केला. पाचवीनंतर पुन्हा. तिसऱ्या फोनला साहेबांनी नुसता रिसीव्हर आपटला. नोकरी करणाऱ्या माणसाने यापुढे काय करायचं असतं, ते मला कुणी सांगावं.

नऊ गाड्या झाल्यावर गाडीवान आणि शेतकरी चहाच्या टपरीवर जमले. कुणीतरी पावती खिशातून काढली, शेजारच्याने आपली काढली. नऊच्या नऊ पावत्यांवर एकच वजन. कुठल्याही गावात एवढं पुरतं.

मी आरडाओरडा ऐकून ताट तिथंच ठेवून पळत आले तेव्हा कडेगावकडच्या एका शेतकऱ्याने आबांची गचांडी धरली होती. टोपी खाली पडून कुणाच्या तरी पायाखाली गेली होती. काटा मारला, काटा मारला, एवढंच ऐकू येत होतं. आबा एकच वाक्य परत परत म्हणत होते.

"आवं, ती पेटी उगडा. आत खरा आकडा हाय. पेटी उगडून बगा."

आणि ते खरंच होतं. सगळं प्लायवूडच्या त्या एका फळीमागे होतं. यंत्र बिचारं गाडीगणिक खरं वजन लाल आकड्यांत दाखवत होतं आणि ते बघायला कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, सील आहे, अधिकाऱ्याशिवाय उघडता येत नाही, नियम आहे. आणि मग, गर्दी आपल्याकडे वळतेय असं दिसल्यावर, शांतपणे म्हणाले की काटा कारकुनाने मागची पावती पुन्हा छापायचं बटण दाबलेलं दिसतंय. त्या टर्मिनलवर तसं बटण होतं, हे खरं. माणूस किती सहज खोटं बोलू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

आबांच्या हातात एक पावती होती. मी जवळ जाऊन बघितली. दोन हजार एकशे दहा.

तो आकडा माझा होता. काट्याचा नाही, आबांचा नाही, माझ्या वहीतला, मी हुशारीने निवडलेला. मी वर बघितलं तेव्हा आबा माझ्याकडे बघत होते. मी नजर वळवली आणि मशीनच्या खोलीकडे पळाले.

नोडच्या फोल्डरची यादी काढली. निम्मी नावं गायब. काट्याच्या वायरीचं नाव मात्र होतं, पण ओळीच्या सुरुवातीला सी नव्हतं. आडवी रेघ होती. मग सगळं उलगडलं. नोड पुसला गेला होता. सकाळी माझ्या प्रोग्रॅमने त्या नावाकडे नमुना वजन पाठवलं, मशीनला ते नाव कुठं सापडलं नाही, तेव्हा त्याने आज्ञाधारकपणे त्या नावाची एक साधी फाइल तयार केली आणि वजन तिच्यात लिहून ठेवलं. मग माझ्याच प्रोग्रॅमने ते परत वाचलं. पाठवलं तेच आलं, म्हणून म्हणाला, लाइन चालू. त्यानंतर आबांनी नऊ वेळा बटण दाबलं आणि नऊ वेळा त्या फाइलीतून माझाच आकडा निघाला. काट्यापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. साहेबांनी पाटी उखडली, हे खरं. पण पाटी जागेवर आहे का हे न बघता गाडी आली असं सांगणारा प्रोग्रॅम माझा होता.

साहेब मागून आत आले. यादीतल्या गायब नावांकडे बोट दाखवून मी विचारलं, हे कुणी केलं? तेव्हा त्यांनी मला मशीनचा दसरा काढल्याची हकिकत सांगितली. लाल पेन्सिलीच्या खुणांची ती यादी त्यांनी कपाटात जपून ठेवली होती, पण काढून दाखवली नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, आधी चालू करा, बाहेर बैल उन्हात उभे आहेत, बाकीचं मग बघू. बैल खरंच उभे होते. मी वही उघडली, ती खोटी फाइल पुसली, दोन आकडे देऊन नोड पुन्हा बनवला. ओळीच्या सुरुवातीला सी आलं. पुढच्या गाडीचं वजन खरं आलं. हातोहात दुरुस्ती केली आणि घडल्याचा पुरावाही त्याच हाताने पुसून टाकला, हे मला एसटीत बसल्यावर कळलं.

त्या दुपारी आबांना गेटवरच्या सुरक्षा रक्षकांच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. येणारा-जाणारा खिडकीतून डोकावून बघत होता. दोन वेळा मी पाणी प्यायला त्या बाजूला गेले आणि दोन्ही वेळा आत न जाता परतले. साहेब मला म्हणाले होते, मॅडम, तुम्हाला कायम व्हायला अजून सहा महिने आहेत, प्रोग्रॅम तुमचा आहे, आता विषय वाढवू नका. त्यांनी हे धमकावून सांगितलं नाही, काळजी घेतल्यासारखं सांगितलं. मी गप्प बसले. साडेपाचच्या गाडीने सांगलीला आले, मावशीने वाढलेलं जेवले आणि पाठ करून झोपले. झोप कसली लागतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनच्या खोलीत बैठक. चार संचालक, शेती अधिकारी, साहेब. आबा दाराजवळ उभे, नवी टोपी घातलेली, घडी न मोडलेली. त्यांना कुणी बस म्हणालं नाही. साहेबांनी पुन्हा छापायच्या बटणाची गोष्ट सांगितली. वयोमान, नवीन तंत्र, गोंधळ झाला असावा, असं मोठ्या मनाने म्हणाले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा माणूस, फौजदारी नको, नुसतं कामावरून कमी करू, असंही म्हणाले. संचालकांनी माना डोलावल्या. माझं नाव कुणी घेतलंही नव्हतं. मी गप्प राहिले असते तर दहा मिनिटांत सगळं आटोपलं असतं.

मी म्हटलं, आबांनी काही केलेलं नाही, मशीनमधली एक फाइल पुसली गेली होती.

कसली फाइल, म्हणून एकाने विचारलं. मी म्हटलं, रिकामी. सगळे हसले. साहेब सगळ्यांत आधी हसले. रिकामी फाइल गेली तर काय जातं हो, असं तो संचालक म्हणाला. मी नोड समजावून सांगायला लागले, फाट्याची पाटी सांगितली, आणि बोलता बोलता मला दिसलं की यांतलं एक अक्षर कुणाच्या डोक्यात शिरत नाहीये. रागाने माझे कान तापले होते. मी वही टेबलावर आपटली आणि म्हटलं, काट्यावर चला.

ते आले, बहुतेक गंमत बघायला. मी त्यांच्यासमोर नोड पुसला. सकाळची तपासणी चालवली. लाइन चालू. चेअरमननी स्वतः वाचलं. मग आम्ही सगळे केबिनपाशी गेलो. मी गाड्या लांब थांबवायला सांगितल्या, काटा रिकामा ठेवायला सांगितला. काटा अगदी रिकामा राहिला नाही. कारखान्याचं एक खरजुलं कुत्रं सकाळच्या कोवळ्या उन्हात काट्याच्या लोखंडी पत्र्यावर येऊन पसरलं होतं. कुणीतरी त्याला हाकलायला गेलं. मी म्हटलं, राहू दे. आणि चेअरमनना म्हटलं, बटण तुम्हीच दाबा. पुन्हा छापायचं नको, वजनाचं.

त्यांनी दाबलं. पावती निघाली. दोन हजार एकशे दहा किलो. चेअरमननी पावती बघितली, कुत्र्याकडे बघितलं, पुन्हा पावती बघितली. मी वहीचं पान उघडून दाखवलं. माझं अक्षर, माझा आकडा. म्हटलं, ही चूक माझ्या प्रोग्रॅमची आणि पाटी उखडणाऱ्याची. आबांचा यात संबंध नाही.

साहेब लगेच म्हणाले, बघा, प्रोग्रॅमची चूक आहे असं मॅडम स्वतःच म्हणतायत. तेवढंच त्यांच्या कामाचं वाक्य होतं आणि ते त्यांनी उचललं. मला आठवड्याने मेमो मिळाला. फाइली पुसण्याबद्दल साहेबांना कुणी काही विचारलं नाही, पुढच्या वर्षी ते कॉम्प्युटर खरेदीच्या कमिटीवर होते. त्यांचा तो शर्ट, तो आवाज, बूट बाहेर काढून आत येण्याची ती पद्धत, आज ते समोर आले तर मी काय बोलेन याची वाक्यं माझ्याकडे तयार आहेत.

चेअरमन आबांकडे वळले आणि म्हणाले, झालं गेलं विसरा, जावा, बसा काट्यावर. पाठीवर हातही ठेवला. काल गचांडी धरणारा शेतकरी रांगेत उभा होता, तो मान खाली घालून खडी उकरत होता. मी नोड पुन्हा बनवला. गाड्या पुढे सरकल्या. पहिली गाडी त्याचीच होती.

आबा काट्यापाशी गेले. चाकांकडे बघितलं, बैलांच्या मानेकडे बघितलं, फळीवर आकडा लिहिला. आत गेले, बटण दाबलं, पावती शेतकऱ्याच्या हातात दिली. आठ किलोंचा फरक. मग केबिनचा दरवाजा लोटून घेतला आणि ते माझ्या खोलीत आले. जातो म्हणाले. मला वाटलं, जेवायला. ते म्हणाले, घरी. हंगाम सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. मी म्हटलं, आबा, आता सगळं सिद्ध झालंय, सगळ्यांनी बघितलंय.

"कुत्र्याची पावती निगाली म्हून मी खरा झालो. माजं कुणी इचारलंच न्हाई, पोरी."

मी म्हटलं, मी सांगितलं ना सगळ्यांसमोर. त्यांनी कानामागचा खडू काढला आणि माझ्या वहीवर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"व्हय, सांगितलंस. पर काल पावती बगून तुजं तोंड उतारलं, तवाच मला कळलं तुला म्हाईत हाय. मी आपला दिसभर गेटवर वाट बगत बसलो, आत्ता यील, मग यील."

मग ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्तीच्या कार्यक्रमाचं पत्र त्यांच्या गावी पाठवलं होतं, ते आले नाहीत. काट्यावर दुसरा माणूस बसला. तो बाहेर येऊन गाडी बघत नसे. मी तपासणीचा प्रोग्रॅम दुरुस्त केला, आता तो आधी ओळीचं पहिलं अक्षर बघायचा. वर्षभराने नोकरी सोडली.

शेडवर वहिनी विचारत होती, कुणाची आठवण झाली एवढी चिडायला? मी तिला साहेबांची गोष्ट सांगितली. मशीनचा दसरा काढणाऱ्या माणसाची. ती पोट धरून हसली. मी ही गोष्ट इतकी वर्षं अशीच सांगत आले आहे, कुत्र्याच्या पावतीपाशी संपवून.